कुकर फ्लोरेसला राहिला

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी ग्रँड कॅन्यन पाहिला तो गाडीच्या मागच्या काचेतून, परतीच्या वाटेवर, आणि तोही वळण येईपर्यंत. हे सांगितलं की लोक हसतात. मला हसू येत नाही, राग येतो. माझा राग नाकावरच असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात, तेव्हा पुढचं वाचताना तेवढं लक्षात ठेवा.

जाऊबाईंचं नाव संध्या. मी त्यांना वहिनी म्हणते. त्यांचे यजमान त्र्यंबक, म्हणजे माझा नवरा सत्यजित याचे थोरले भाऊ. त्यांना आम्ही दोघंही दादा म्हणतो. दादा टेलिफोनच्या एका कंपनीत इंजिनीअर, घर अमेरिकेत, पिस्कॅटवेला. आम्ही त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. वहिनी घरी मुलं सांभाळतात. आसपासच्या तरुण आयांना युनिव्हर्सिटीत नाहीतर ऑफिसात जायचं असतं. त्या सकाळी आपली पोरं वहिनींच्या दारात सोडतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. त्यामुळे वहिनी दिवसभर घरात. भाजी दादा आणतात, दूध दादा आणतात. वहिनींना गाडी चालवता येते, लायसन्सही आहे, पण त्यांनी जायचं कुठे?

बाहेर पडायचं ते ट्रिपांना. दादांना ट्रिपांचं वेड आहे आणि त्यांच्या ट्रिपा आमच्या महाराष्ट्र मंडळात नावाजलेल्या आहेत. मोठी व्हॅन भाड्याने घ्यायची, तीन-चार कुटुंबं गोळा करायची, प्रत्येकाच्या हातात छापील कार्यक्रम द्यायचा. कुठे थांबायचं, कुठे फोटो काढायचे, बाथरूमला कुठे जायचं, सगळं ठरलेलं. आणि या ट्रिपांचं खरं आकर्षण कोणतं, तर संध्याच्या हातची खिचडी. हे मी म्हणत नाही, मंडळातला कुणीही सांगेल.

खिचडीची पद्धत अशी. मोटेलमध्ये तळमजल्यावरची, अगदी टोकाची खोली मागून घ्यायची. दादा आधी आत जाऊन खुर्चीवर चढणार आणि छतावरच्या स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालणार. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल. राइस कुकर बाथरूममधल्या बेसिनशेजारी, कारण एक्झॉस्ट फॅन तिथे असतो. फोडणी घरूनच करून बाटलीत भरून आणलेली. मेतकूट, लोणचं, भाजलेले पापड वेगळ्या पिशवीत. मग सगळी मंडळी कॅमेरे घेऊन बाहेर पडणार आणि वहिनी बाथरूममध्ये डाळ-तांदूळ धुणार. मंडळी दमून परत येतात तेव्हा खोलीत तुपाचा वास सुटलेला असतो. त्या वासाने मोठमोठ्या पदांवरची माणसं पलंगाच्या कडेला मांडी घालून बसतात, हातात कागदी ताटल्या घेऊन, आणि म्हणतात, "वहिनी, यू आर ग्रेट."

नायगाऱ्याला आम्ही धबधब्याखालच्या बोटीतून भिजून परत आलो तेव्हा मी विचारलं होतं, "वहिनी, तुम्ही कधी बघणार?"

"अगं, इथे आवाज येत होता ना सारखा," त्या म्हणाल्या. "मोठा असणार."

सत्यजित बाथरूममध्ये हात धुवायला गेला आणि त्याने एक्झॉस्ट फॅन बंद केला. आवाज थांबला. वहिनी स्वतःच सगळ्यांच्या आधी हसल्या.

आता कुणाला वाटेल दादा दुष्ट असतील. तसं असतं तर मला बरं पडलं असतं, दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. दादांनी वहिनींवर कधी आवाज चढवल्याचं मी ऐकलेलं नाही. वहिनींचा गुडघा दुखायला लागला की स्वतः मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक देत बसणारा माणूस. "तू थांब" असंही ते कधी म्हणाले नाहीत. ते एवढंच म्हणायचे, "संध्या, तू आहेस म्हणून या ट्रिपा आहेत." यावर बाई काय बोलणार? कुणी मारून मुटकून डांबलं तर दार तरी वाजवता येतं. कौतुकाने डांबलं तर दार वाजवायचीही पंचाईत. यलोस्टोन, स्मोकी माउंटन्स, अकेडिया, सगळीकडे वहिनी जाऊन आल्या आणि सगळीकडचं बाथरूम त्यांनी पाहिलं.

त्यांच्या मुलाचं, शार्दूलचं, सहावीत एक प्रोजेक्ट होतं. प्राचीन संस्कृती. त्याने माया लोक घेतले आणि नेहमीप्रमाणे शेवटच्या शनिवारी आईला सांगितलं. वहिनींनी लायब्ररीतून पुस्तकं आणवली आणि जेवणाच्या टेबलावर ग्वाटेमालातलं टिकाल उभं केलं. सीरियलच्या खोक्यांचं देऊळ, एकावर एक पायऱ्या चढत गेलेलं, वर उंच तुरा. दगड म्हणून तुरीची डाळ, एकेक दाणा खळीने चिकटवलेला. भोवतीचं जंगल वाळवलेल्या मेथीचं. एका कोपऱ्यात अॅल्युमिनियम फॉइलचं तळं आणि तळ्यात बेटावरचं गाव, काड्यापेटीच्या घरांचं. त्या गावाचं नाव फ्लोरेस. लोक तिथे उतरतात आणि मग टिकाल बघायला जातात, हे मला वहिनींनीच सांगितलं. शार्दूलला शाळेत चांगले मार्क मिळाले, त्याच्या डोक्यातून ते गेलंही. वहिनींच्या डोक्यातून गेलं नाही. मॉडेल त्यांनी फ्रिजवर ठेवलं. पोरं झोपली की त्या दुपारी स्टुलावर उभ्या राहून त्यावरची धूळ ब्रशने झटकायच्या, ते मी कितीदा पाहिलंय.

दोन हजार सहाच्या दिवाळीत फराळाला बसलो असताना दादांनी दरवर्षीसारखं विचारलं, "बोला, ख्रिसमसच्या सुट्टीत कुठे?" हा प्रश्न सगळ्यांना असायचा आणि उत्तर दादांच्या खिशात असायचं. तेवढ्यात चकल्या वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "टिकालला जाऊ या."

मी चकली तोंडाशी नेत होते ती तशीच राहिली. एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही गावाचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते.

दादा खूश झाले. खरंच खूश झाले. "वा! यंदाची ट्रिप संध्याची," म्हणाले आणि त्याच आठवड्यात कामाला लागले. ही ट्रिप परदेशातली, म्हणून मंडळातली माणसं नकोत, फक्त आम्ही दोन घरं. विमानं ठरली, फ्लोरेसमधलं हॉटेल ठरलं. तिथलं पाणी कसं असतं याचा दादांनी इंटरनेटवर सखोल अभ्यास केला आणि ते घाबरून गेले. ज्या माणसाने मिरज स्टेशनबाहेर उभं राहून गाडीवरची भेळ खाल्ली, नळाला तोंड लावून पाणी प्यायलं आणि त्यावर तो एवढा वाढला, त्याने फर्मान काढलं की ग्वाटेमालात कुणीही बाहेरचा घास खायचा नाही, बर्फ तर नाहीच. मग म्हणाले, "आणि गुड न्यूज. तिथले प्लग आपल्या अमेरिकेसारखेच असतात."

म्हणजे कुकर येणार.

पॅकिंगच्या दिवशी मी वहिनींकडे गेले आणि दार लावून बोलले. "वहिनी, यंदा कुकर नको. ही तुमची ट्रिप आहे."

"मी सगळं योजलंय," त्या म्हणाल्या. त्यांनी फ्रीझर उघडून दाखवला. दुधात भिजवलेल्या दशम्यांची चळत, फॉइलमध्ये गुंडाळलेली. "टिकालच्या दिवशी या न्यायच्या. सोबत चटणी. कुकर फक्त बाकीच्या दोन जेवणांना. त्या दिवशी मी तुमच्याबरोबर." कपाटातून त्यांनी बुटांचं खोकं काढलं. पांढरे स्पोर्ट्स शूज, नवे कोरे. आजवर वहिनी सगळीकडे चपलांवरच फिरल्या, बाथरूममध्ये बूट कशाला लागतात? "देवळाच्या पायऱ्या फार उभ्या असतात," त्या म्हणाल्या. "घरातल्या घरात घालून सवय करतेय."

फ्लोरेसला आम्ही उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. तळ्यातलं बेट, किनाऱ्याला एका रस्त्याने जोडलेलं. निळी, पिवळी, गुलाबी घरं, पत्र्याची छपरं, आणि प्रत्येक गल्ली खाली उतरून पाण्यापाशीच संपणारी. वहिनी हॉटेलच्या दारातच थांबल्या. बॅग खाली ठेवली नाही, आत गेल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, मी घरं फार जवळ जवळ लावली होती. पण रंग बरोबर आले."

त्या संध्याकाळी त्या बेटाला अख्खी फेरी घालून आल्या, माझ्याबरोबर. पाण्यात पाय सोडून पोरं बसली होती, होडीवाले गिऱ्हाइकाची वाट बघत होते. वहिनी प्रत्येक गल्लीत डोकावत होत्या. पण चालताना त्यांचे हात रिकामे होते आणि त्यांना ते कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मला फार बरं वाटलं. हॉटेलवर येऊन त्यांनी कुकर लावला, तोही मला जाचला नाही. दुसऱ्या दिवशीचा दिवस त्यांचा होता.

तेवढ्या वेळात दादा आणि सत्यजित टिकालला नेणारी व्हॅन ठरवायला गेले होते. ते उशिरा आले आणि खिचडी दोघांनीही कमी खाल्ली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहाटे व्हॅनवाल्याने खाली हॉर्न वाजवला. मी दादा-वहिनींच्या खोलीशी गेले तर दार उघडं. वहिनी तयार होऊन उभ्या. सलवार-कमीज, डोक्यावर टोपी, पायात पांढरे बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या, खांद्याला दशम्यांची पिशवी. आणि दादा पलंगावर आडवे, चेहरा राखेसारखा, पोट धरून.

मी सत्यजितकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघायला लागला.

"काय खाल्लंत तुम्ही दोघांनी?"

"तळ्याकाठी एक बाई बसली होती यार," सत्यजित पुटपुटला. "कडक पोळीवर कोबी, बीट... शाकाहारीच होतं. मी थोडंच खाल्लं. दादाने कलिंगडाचं सरबतही घेतलं."

"बर्फ घालून?"

त्याने मान डोलावली. फर्मान काढणारे दादा डोळे मिटून पडले होते. एरवी मी हसले असते. पण मी वहिनींच्या पायांकडे बघत होते.

"संध्या, तू जा गं," दादा म्हणाले. मनापासून म्हणाले. "तुझी ट्रिप आहे. मी पडून राहीन. काही लागत नाही मला." मग थोडं थांबून, कण्हत, "नुसती थोडी भाताची पेज मिळाली असती तर..."

वहिनी खाली वाकल्या आणि त्यांनी बुटाची नाडी सोडली.

"वहिनी, मी थांबते," मी म्हणाले. "पेज मलाही करता येते. तुम्ही चला."

"नको. त्यांना असं बरं नसलं की दुसऱ्याच्या हातचं उतरत नाही."

"एक दिवस उतरेल."

"मृणालिनी, आणि काही जास्त झालं तर? डॉक्टर बोलवायला लागला तर? मी तिथे देवळावर उभी राहून काय बघणार आहे?" त्यांनी दशम्यांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. "दोघींनी राहून काय करायचंय? तू जा. नीट बघून ये आणि मला सांग."

मी आणखी वाद घातला असता, पण त्यांनी मला अक्षरशः दाराबाहेर काढलं. जिना उतरताना मागून बाथरूममध्ये तांदूळ धुतल्याचा आवाज आला.

टिकालला पोचेपर्यंत मी सत्यजितशी एक शब्द बोलले नाही. जंगल ओलं होतं, झाडांवरून पाणी गळत होतं आणि दूर कुठेतरी माकडं अशी डरकाळ्या फोडत होती की शार्दूल माझ्या जवळ सरकला. सगळ्यात उंच देवळावर जायला लाकडी जिना आहे, अगदी उभा. वर पोचलो तर समोर काहीही नाही. नुसतं पांढरं धुकं, पायाखालच्या दगडापासून आभाळापर्यंत. बाकीचे प्रवासीही हिरमुसून बसले होते.

"काहीच दिसत नाहीये," सत्यजित म्हणाला. "चला, खाली जाऊन दशम्या खाऊ."

"तुम्ही जा," मी म्हणाले. "मला बघून यायला सांगितलंय."

ते दोघे उतरले. माणसं एकेक करत उतरली. मी ओल्या दगडावर बसून राहिले. भूक लागली, पाठ गारठली, आणि मला वहिनींचा, दादांचा, त्या कलिंगडाचा, सगळ्यांचा राग येत राहिला. आणि मग धुकं उठलं. काय दिसलं ते इथे लगेच लिहीत नाही. ते जिला सांगायचं होतं तिला आधी.

दुपार उलटून गेल्यावर आम्ही परत आलो तेव्हा दादा उशीला टेकून बसले होते, पेज पिऊन टवटवीत. वहिनी बाथरूममध्ये होत्या. आम्ही भुकेले येणार म्हणून भात लावलेला.

"काय, कसं होतं?" दादांनी विचारलं.

"काही नाही दादा, नुसतं धुकं," सत्यजित म्हणाला. "वर गेलो, काहीच दिसलं नाही."

दादांचा जीव भांड्यात पडला. "बघ संध्या," त्यांनी हाक दिली, "तू काहीच मिस केलं नाहीस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मला दिसलं," मी म्हणाले. "धुकं नंतर गेलं. मी थांबले होते."

वहिनी बाथरूमच्या दारात आल्या. हाताला भाताची शितं लागलेली होती. "खरंच? सांग ना."

"सांगते. आधी तुम्ही इथे येऊन बसा."

"संध्या, पेजेत थोडं मीठ हवं होतं का गं?" दादा म्हणाले. "आता थोडी देशील? आणि शार्दूलला पण वाढ, पोरगं भुकेजलंय." वहिनी आत गेल्या. नंतर भांडी, नंतर बॅगा. मी दादांना विचारलं की एक दिवस इथेच राहता येईल का, म्हणजे वहिनींना सकाळी नेऊन आणता येईल. दादांनी कार्यक्रमाचा कागद काढला, बराच वेळ बघितला, आणि खऱ्या दुःखाने मान हलवली. विमानं एकात एक गुंतलेली होती. "पुढच्या वेळी नक्की," ते म्हणाले. पुढच्या वेळी! ग्वाटेमाला म्हणजे काय आमच्या शेजारचं एडिसन आहे, जाता येता डोकवायला?

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळेला मी वहिनींना बोलवायला गेले. बाकीचे खाली टॅक्सीत सामान चढवत होते. खोली झाडायला आलेली मुलगी दारात उभी होती, आणि वहिनी तिच्या हातात राइस कुकर देत होत्या. घासून पुसून कोरडा केलेला, वायर गुंडाळून आत ठेवलेली. त्या मुलीला मराठी येत नव्हतं, वहिनींना स्पॅनिश येत नव्हतं. वहिनींनी बोटाने बटण दाबून दाखवलं, मग तोंडाशी हात नेऊन घास घेतल्यासारखं केलं. मुलगी हसली.

"वहिनी, कुकर?" मी म्हणाले.

"असू दे," त्या म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या. पाठ ताठ होती. मी मागे मागे उतरले. मला शिट्टी वाजवावीशी वाटत होती.

घरी आल्यावर दादांच्या लक्षात आलं. "माझ्या आजारपणाच्या गडबडीत विसरली बिचारी," ते ज्याला त्याला सांगायचे. "किती जुना होता. पहिल्या ट्रिपपासूनचा." वहिनी गप्प राहायच्या. मला वाटायचं, आता बोलतील. रोज वाटायचं. एवढं करून आल्या आहेत, आता एक वाक्य तर बोलायचंय.

संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. मंडळातल्या बायका, त्यांचे नवरे, पोरं, घर भरलेलं. तिळगूळ वाटून झाल्यावर दादा बेसमेंटमधून एक भलंमोठं खोकं घेऊन आले, वर लाल रिबन. सगळ्यांना गप्प केलं. "संध्याला काळी साडी नेहमीच घेतो," ते म्हणाले, "यंदा म्हटलं, तिची लाडकी वस्तू हरवलीय, ती आणू." वहिनींनी रिबन सोडली. आत राइस कुकर. पहिल्यापेक्षा दुप्पट मोठा, वर भाजी वाफवायची चाळणी, भात गरम ठेवायची सोय. दादा त्यासाठी तीन दुकानं हिंडले होते. आजवर त्यांनी स्वतः निवडून आणलेली ही वहिनींसाठीची पहिली वस्तू, साड्यासुद्धा वहिनीच निवडायच्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "त्र्यंबकराव, या समरला मोठी ट्रिप झाली पाहिजे." दादा म्हणाले, "झालीच म्हणून समज. आता पंचवीस माणसांचा भात एका वेळी."

वहिनी खोक्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मला दिसत होता, बाकी कुणी बघत नव्हतं. आणि मला राहवलं नाही.

"दादा, वहिनी कुकर विसरल्या नव्हत्या," मी म्हणाले. "मुद्दाम ठेवून आल्या होत्या. मी पाहिलंय."

सगळे आमच्याकडे वळले. दादांच्या हातात रिबन होती. ते माझ्याकडे बघत राहिले, मग वहिनींकडे. तेवढा रुबाबदार माणूस, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा शाळेत चुकीचं उत्तर दिलेल्या पोरासारखा झाला. "म्हणजे?" त्यांनी विचारलं. "का?"

हीच ती वेळ होती. मी दार उघडून धरलं होतं, वहिनींनी फक्त बाहेर पाऊल टाकायचं होतं.

"काहीतरीच काय बोलतेस मृणालिनी," वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. "अहो, विसरलेच होते मी. कपाटात राहिला." आणि त्यांनी कुकरचं झाकण उचलून पाहिलं. "केवढा मोठा आहे. छान आहे हो."

दादांचा चेहरा सावरला. लोक पुन्हा बोलायला लागले. एका बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दोन घरांत भांडण लावायला आलेय. मी तिळगुळाची वाटी तिथेच ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी मला दादांचा राग आला नाही. वहिनींचा आला.

थोड्या वेळाने वहिनी कुकरचं आतलं भांडं घेऊन आल्या आणि नळाखाली धुवायला लागल्या. नवं भांडं, धुतल्याशिवाय त्या वापरणार नाहीत.

"का खोटं बोललात?" मी विचारलं.

"चेहरा बघितलास त्यांचा?"

"तुमचाही बघितला."

त्या भांडं घासत राहिल्या. "इतक्या लोकांसमोर," त्या म्हणाल्या. "ते तीन दुकानं हिंडले गं माझ्यासाठी. मी काय म्हणू, मला तुमचं हे नकोय? मला सवय नाही त्याची. मला वाटलं होतं कुकर नसला की आपोआप सुटेल. बोलावं लागणार नाही."

"मग आता? जन्मभर बाथरूममध्ये भात लावणार?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते मनगटाने पुसलं, कारण हात साबणाचे होते. मला वाटलं आता मी रडेन, म्हणून मी फ्रिजवरच्या मॉडेलकडे बघायला लागले. देवळाच्या एका पायरीवरची डाळ निसटली होती.

वहिनींनीही तिकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुला पाठवलं होतं मी. अजून सांगितलं नाहीस."

खरंच सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून दर वेळी कुणीतरी मध्ये येत होतं, कुणाचं मीठ, कुणाचं पोर, कुणाचा फोन.

"आधी काहीच नव्हतं," मी सांगायला लागले. "नुसतं पांढरं. मग खूप लांब एक तुरा दिसला, तुम्ही केलाय ना तसाच. मग त्याच्या बाजूला दुसरा. खालची देवळं दिसतच नव्हती, फक्त वरची टोकं, झाडांतून वर आलेली. तुमचं सगळं बरोबर आहे, वहिनी. फक्त मेथी कमी पडलीय. तिथे मेथी संपतच नाही. नजर जाईल तिथपर्यंत मेथी."

वहिनी हसल्या. रडता रडता हसल्या.

बाहेरून दादांची हाक आली, "संध्या, ये ना, सगळे विचारतायत किती तांदूळ मावतात."

"आले," वहिनी म्हणाल्या. त्यांनी नळ बंद केला, भांडं ओट्यावर पालथं घातलं. मला वाटलं निघाल्या. पण त्या तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत, मॉडेलकडे बघत.

"संध्या," परत हाक आली.

"आले हो," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "पुढे सांग."